पूर्णाकाठचा पोरांचा बाजार

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मैदानावर डिसेंबरच्या अखेरीस कृषी प्रदर्शन भरते, हे वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. २७ डिसेंबर हा भाऊसाहेबांचा जन्मदिवस. त्या सुमारास अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम अशा चहूकडून शेतकरी येतात, नवी वाणे पाहतात, अवजारांच्या किमती विचारतात, आणि शेवटी बचत गटांच्या दालनात येऊन भाकरी-ठेचा खातात. भाऊसाहेब केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी १९५९ साली दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवले होते आणि त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. पापळसारख्या खेड्यात जन्मलेल्या माणसाने जगाचा बाजार मांडला, ही गोष्ट आम्हाला कॉलेजात शिकत असताना फार अभिमानाने सांगितली जाई.

पण आज मला सांगायचे आहे ते फार लहान बाजाराविषयी.

त्या प्रदर्शनात मी खात्याच्या दालनावर बसलो होतो. समोरच्या बचत गटाच्या टेबलापाशी खेड्यातल्या शाळेची पंचवीस-तीस मुले घोळक्याने उभी होती. त्यातली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मुगवड्यांच्या पाकिटाला बोट लावून विचारत होती, “मावशी, हे तुमाले घरी कितीले पडते?” मावशी हसल्या आणि म्हणाल्या, “माय, ते तर म्या कधी काढलंच नाई.” मुलीने मान हलवली आणि पुढे गेली. तिच्याबरोबरच्या गुरुजींशी माझी जुनी ओळख निघाली. त्यांची शाळा दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात, पाचवीपर्यंतची, पटावर अडतीस मुले. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी त्यांना शाळेत मुलांचा बाजार भरवायचा होता. कुठे त्याला बालबाजार म्हणतात, कुठे आनंद मेळावा. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांत आता तो भरतो.

“साहेब, अडचण एवढीच आहे,” गुरुजी म्हणाले, “काय विकायचं असं विचारलं की सगळी पोरं एकच सांगतात. दर्यापुरातून कुरकुऱ्याची लड आणू अन् सुटी विकू. तुम्ही एकदा येऊन बोला पोरांशी.”

मी होकार दिला. तुमच्या मुलाच्या शाळेतूनही अशी चिठ्ठी घरी येत असेल, आणि आदल्या रात्री “आता काय द्यायचं?” म्हणून धावपळ होत असेल. म्हणून तिथे जे घडले ते जरा सविस्तर सांगतो.

अकोल्याहून म्हैसांगमार्गे दर्यापूरला जाणारा रस्ता मला नेहमीच आवडत आला आहे, जरी त्या रस्त्याने कंबर चांगलीच ढिली होते. हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना सपाट, काळीशार, खोल जमीन. डोंगर म्हणून नाही, दगड म्हणून सापडायचा नाही. वरून पाहिले तर वाटेल, एवढी सोन्यासारखी माती, इथल्या शेतकऱ्याला काय कमी? पण विहीर खोदावी तर पाणी खारे. त्याने ओलीत करावे तर जमीन चोपण होते. म्हणून इथली शेती पावसावर आणि मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर. खरिपात कापूस, तूर, मूग, उडीद. पुढे त्याच ओलीवर हरभरा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा कापसाची उलंगवाडी जवळ आली होती, पऱ्हाट्यांवर शेवटची पांढरी बोंडे लोंबत होती, तुरी सोंगणीला आल्या होत्या आणि हरभरा घाट्यांवर होता. धुऱ्याधुऱ्यांवर बोरी लगडलेल्या. एसटीतून उतरून गावापर्यंत दोन किलोमीटर चालत गेलो आणि खिसे भरून बोरे खाल्ली. ही बोरे पुढे कामाला आली.

शाळेत गेल्यावर मुलांना विचारले, बाजार पाहिला आहे ना? सगळ्यांनी पाहिला होता. दर्यापूरचा पाहिला होता, आणि पुष्कळांनी बहिरमची यात्राही पाहिली होती. सातपुड्याच्या पायथ्याची बहिरमची यात्रा डिसेंबरच्या विशीपासून महिनाभराच्या वर चालते. तिथले हंडीतले मटण आणि रोडगे यांचे वर्णन करताना चौथीतल्या एका मुलाच्या तोंडाला इतके पाणी सुटले की वर्ग हसू लागला. भातकुलीकडची दोन मुले ऋणमोचनच्या पौषातल्या रविवारच्या यात्रेला जाऊन आली होती. तिथे काय काय विकायला होते ते मुलांनी सांगितले: फुगे, पिपाण्या, बांगड्या, प्लॅस्टिकच्या मोटारी, गोडीशेव. मग गावच्या बाजारात आपण काय विकणार? पुन्हा तेच. कुरकुरे, चॉकलेट, फुगे.

त्यांचे चूक नव्हते. बाजार म्हणजे दुसऱ्या कुठून तरी आलेला रंगीत कागदातला माल, हेच आपण मोठी माणसे त्यांना रोज दाखवतो. आपला कापूस बंडीत घालून नेतो तेव्हा त्याला बाजार म्हणत नाही, “कापूस देऊन आलो” म्हणतो. विकून आलो असेदेखील म्हणत नाही.

तेव्हा मी “काय विकाल?” हा प्रश्नच सोडून दिला. खिशातली बोरे टेबलावर ओतली आणि विचारले, ही कुणाच्या धुऱ्यावरची? तिघा-चौघांनी हात वर केले. तुमची आई बाजारातून कोणती वस्तू कुरकुरत आणते? “लिंबं!” एक मुलगी म्हणाली, “म्हणते, एका लिंबाले पाच रुपये म्हणजे जास्तच झाले.” तुमच्याकडे लिंबाचे झाड आहे का? नाही, पण मोठ्या बाबांच्या वावरात आहे. घरात आजी कोणती गोष्ट करते जी आईला येत नाही? इथे मात्र वर्ग उघडला. कुणाची आजी बोरकूट करते, कुणाची सरगुंडे वळते, कुणाची गोधडी शिवते. एकीची आजी देवाच्या वाती करते. एकाचे आबाजी दोर वळतात. गावात कोणती वस्तू मिळत नाही म्हणून दर्यापूरला जावे लागते? पेन्सिल, खोडरबर, बाळाचे टोपडे, सायकलचे पंक्चर. त्यावर पाचवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मले पंक्चर काढता येते. काम इकलं तर चालते काय जी?”

चालते, म्हणालो. मजुरी हासुद्धा मालच आहे.

वाचकहो, मुलांशी अशा वेळी बोलताना मला एक गोष्ट उमगली ती सांगून ठेवतो. “कल्पना सुचवा” म्हटले की मुले गप्प बसतात किंवा टीव्हीवरचे बोलतात. घरातल्या माणसांविषयी, धुऱ्यावरच्या झाडाविषयी, काल उरलेल्या भाकरीविषयी विचारले की बोलू लागतात. आपण थोडा वेळ फळ्यावर लिहीत राहायचे आणि हसू नये, एवढेच पथ्य. फळ्यावर त्या दिवशी सत्तेचाळीस गोष्टी झाल्या. त्यातल्या निम्म्या कामाच्या नव्हत्या. एकाला आपले बोकड आणायचे होते. दुसऱ्या तासाला मुलांनीच त्या खोडायला सुरुवात केली. गरम तेलाचे काही नको, असे गुरुजींनी आधीच सांगितले होते, म्हणून भजी गेली. दुपारपर्यंत आंबेल म्हणून ताकही गेले. आईलाच सगळे करावे लागेल असे पदार्थ गेले, कारण मुलाने निदान अर्धे काम स्वतः केले पाहिजे असा नियम ठरला.

आता माझी फजिती. शाळेच्या परसबागेत गुरुजींनी गांडूळ खताचा एक चांगला खड्डा केलेला आहे. मी कृषी खात्याचा माणूस. मला ते पाहून राहवले नाही. म्हटले, या खताची एकेक किलोची पाकिटे करा, वीस रुपयांना विका. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. साहेबांचा शब्द मोडायचा कसा, म्हणून दहा पाकिटे भरली गेली. बाजाराच्या दिवशी त्यातले एकही गेले नाही. ज्या गावात दारादारात उकिरडा आहे तिथे वीस रुपये देऊन किलोभर खत कोण घेणार? दुसरीतल्या मुलालाही जे कळत होते ते मला पदवी घेऊन तीस वर्षे झाल्यावर कळले नाही. पुढचे आधीच सांगून टाकतो: ती दहा पाकिटे मी अमरावतीला घेऊन गेलो. आमच्या वसाहतीत गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्या बायांनी ती पाव तासात संपवली आणि आणखी आहेत का म्हणून विचारले. दोनशे रुपये मी गुरुजींकडे पाठवले. गुरुजींचा निरोप आला की पोरांनी विचारलंय, साहेबांची अडत किती कापायची?

बाजाराच्या दिवशी मी सकाळी आठलाच पोचलो. शाळेपुढच्या निंबाखाली चुन्याने चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनाला दोन रुपये भाडे. पाचवीतली एक मुलगी वहीची पाने फाडून पावत्या देत होती आणि पावती न घेता बसणाऱ्याला उठवत होती. मोबाईलवरून पैसे चालणार नाहीत असे गुरुजींनी गावात दवंडीसारखे सांगून ठेवले होते. सुटे मोजता आले पाहिजेत, हाच तर हेतू. त्यामुळे गावातल्या तरुणांची मोठी पंचाईत झाली. खिशात नोट ठेवण्याची सवयच मोडलेली! दोघेतिघे घरी जाऊन आईकडून चिल्लर घेऊन आले.

काय नव्हते तिथे! तुरीच्या उकडलेल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, बोरे, बोरकूट, चिंचेचे गोळे, कवठे, अंबाडीची वाळलेली बोंडे, मेथीच्या जुड्या, लिंबे, तिळाच्या वड्या. पहिलीच्या एका चिमुरड्याने रंगीत खडूंनी चितारलेल्या संक्रांतीच्या पणत्या मांडल्या होत्या. त्याने पहिल्या भवानीचा दहाचा ठोकळा कपाळाला लावला तो थेट आपल्या आजोबांसारखा. पंक्चरवाल्याने बाजार संपेपर्यंत तीन सायकली केल्या. मात्र चौथी सायकल आली तेव्हा सोल्युशन संपले होते, आणि गिऱ्हाईक परत गेले म्हणून त्याला रडू कोसळले.

उकडलेल्या शेंगांचे दुकान चार मुलींनी मिळून मांडले होते. शेजारी शेंगांचे दुसरे दुकानही होते. दोघांच्या पुड्या दहा रुपयांनाच, पण पहिल्या दुकानात पुडीबरोबर शेंगांची टरफले टाकायला एक टोपली ठेवली होती आणि बसायला पोते अंथरले होते. गावातली म्हातारी माणसे त्या पोत्यावर बसून शेंगा खात गप्पा मारू लागली. दुसऱ्या दुकानदाराने साडेदहाला भाव आठवर आणला, मग सहावर. गुरुजी मध्ये पडायला निघाले, मी थांबवले. शेवटी त्याने माल पहिल्या दुकानाला साडेपाचाने ठोक देऊन टाकला आणि मोकळा होऊन भोवरा खेळायला गेला. सव्वाअकराला पहिल्या दुकानाने त्याच पुड्या दहाने विकल्या. आपल्या कापसाचे नेमके हेच होते, असे एक गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले.

दोराच्या दुकानाविषयी थोडे सांगतो. तिसरीतला मुलगा, फार अबोल. वर्गात फळा भरत होता तेव्हाही त्याने आपल्या आबाजींचे नाव शेजाऱ्याकरवी सांगितले. घरी तो, आई आणि आबाजी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. कसे गेले ते मी विचारले नाही. आमच्या भागात ते विचारत नाहीत. वावर दुसऱ्याला मक्त्याने दिलेले, त्यामुळे त्याच्या घरी शेंगा नाहीत, बोरे नाहीत, काही नाही. पण धुऱ्यावर अंबाडी होती. अंबाडीची ताटे पाण्यात भिजवून, सडवून, त्यांचा वाख काढायचा आणि ढेऱ्यावर पीळ द्यायचा हे जुने काम आबाजींच्या हातात अजून आहे. पूर्वी प्रत्येक शेतकरी हिवाळ्यात बसून वर्षभराचे दोर वळून ठेवी. नायलॉन आल्यापासून ते गेले. मुलाने आबाजींसमोर बसून दहा दिवस ढेरा फिरवला. सहा दावी, दोन मोरक्या आणि एक कासरा तयार झाला.

गुरुजींचा नियम होता की कोणतीही वस्तू वीस रुपयांच्या वर नको. मुलाने मान खाली घालून सांगितले, “आबाजी म्हणते, इसात दावं देन्यापक्षा घरी राहू दे.” गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि त्याच्यापुरता नियम काढून टाकला. दावे साठ, मोरकी ऐंशी, कासरा दीडशे. एवढा भाव मुलांच्या बाजारात कोण देईल, असे मला वाटले. पण बायाबापड्या आणि पोरे यांच्या गर्दीत जे बापे नुसते हात मागे बांधून फिरत होते, ते सगळे त्या एकाच चौकोनापाशी थांबले. दावे हातात घेऊन ताणून पाहिले, पीळ उलगडून पाहिला. नायलॉनने बैलाची मान सोलते हे प्रत्येकाला ठाऊक होते. पाऊण तासात नऊच्या नऊ नग गेले. एकाने पोळ्यासाठी आणखी चार सांगून ठेवले. तेव्हा त्या मुलाने वर पाहिले आणि म्हटले, “आबाजीले इचारून सांगतो.” त्या घरात कित्येक दिवसांनी कुणी काहीतरी मागायला येणार होते.

आता वातींकडे येतो, कारण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती तिथे घडली.

अकोल्याच्या प्रदर्शनात “घरी कितीले पडते?” असे विचारणारी मुलगी ती हीच. तिने घरचा पावशेर, म्हणजे अडीचशे ग्रॅम कापूस घेतला. त्या आठवड्यात गावात कापूस सात हजार रुपये क्विंटलने जात होता, म्हणजे किलोला सत्तर, पाव किलोला साडेसतरा. तिने हाताने सरकी काढली. कापसात साधारण तिसरा हिस्सा रुई आणि बाकी सरकी, हे आपल्याला माहीत आहेच. तिच्या हातात पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास रुई आली. तिच्या आजीने त्याच्या फुलवाती वळल्या. एकशे आठ वातींची एक पुडी, अशा आठ पुड्या. पुडी दहा रुपयांना. बाजार सुरू होऊन तास झाला नाही तोच सगळ्या संपल्या. ऐंशी रुपये हातात.

तिचे वडील तिथेच उभे होते. साडेसतरा रुपयांच्या कापसाचे ऐंशी रुपये झालेले पाहून ते चकित झाले. “साहेब, पोरीनं चौपटीच्या वर केले. आमी मंग क्विंटलानं काऊन देतो?” आजूबाजूच्या चार जणांनी मान डोलावली. मलाही बरे वाटले. घरच्या मालावर घरीच काही प्रक्रिया करा, असे मी गावोगाव सांगत फिरतो. इथे आयतेच उदाहरण मिळाले होते. मी दोन वाक्ये बोललोही.

बारा वाजता हिशेब. गुरुजींनी प्रत्येकाला वहीचे एक पान आखायला लावले होते: माल कितीचा, इतर खर्च, विक्री, नफा की तोटा. ही मुलगी पान घेऊन आली. तिने लिहिले होते:

कापूस १७ रुपये ५० पैसे. जागा भाडे २ रुपये. आजीची मजुरी ३०० रुपये. विक्री ८० रुपये. तोटा २३९ रुपये ५० पैसे.

गुरुजी म्हणाले, “अगं, आजीची मजुरी कशी धरतेस? घरचंच तर माणूस.” मुलगी म्हणाली की आजी तीन रात्री दोन-दोन तास बसली, म्हणजे सहा तास. निंदणाला बाई दहाला येते, पाचला जाते, एक तास जेवण. तेही सहाच तास. त्याचे तीनशे देतात. आणि सरकी काढायला तिला स्वतःला दोन तास लागले होते ते तर तिने धरलेच नव्हते, कारण लहान मुलाला मजुरी देत नाहीत असे तिला वाटले.

आजी पलीकडेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माहे हात रिकामेच होते माय. माहा पैसा कायले धरतं? खोड ते.” मुलीने खोडरबर काढले, पण वापरले नाही. माझ्याकडे पाहू लागली. सगळेच माझ्याकडे पाहू लागले, कारण खात्याचा माणूस मी होतो आणि थोड्याच वेळापूर्वी तोंड भरून बोललो होतो.

मी सांगितले की पान बरोबर आहे, खोडू नको.

हे मी मुलीचे मन राखायला म्हणालो नाही. सरकार हमीभाव ठरवते तेव्हा खर्च काढण्याच्या ज्या पद्धती आहेत त्यांतही हेच भांडण आहे. १९६५ साली कृषिमूल्य आयोग नेमला गेला. या पद्धतींत बी-खत-मजूर असा पदरचा रोख खर्च वेगळा आणि घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत वेगळी मांडतात; त्याच्यावर जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती रोख खर्च अधिक घरची मजुरी यावर. शेतकरी संघटना मागतात ती खंड आणि व्याजही धरून. उत्पादन खर्चावर आधारलेला भाव हे शब्द तर १९८० नंतर शेतकरी संघटनेच्या सभांतून वऱ्हाडच्या खेड्याखेड्यात पोचले. त्या सभांना गेलेले पुष्कळ लोक अजून आहेत. पण दिल्लीच्या कागदावर जी घरची मजुरी धरली जाते ती आपल्या घरच्या वहीत कुणी धरत नाही. माझ्या वडिलांनी कधी धरली नाही. माझी आई पंचवीस वर्षे कापूस वेचत होती.

एक गोष्ट मात्र जपली पाहिजे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी तिथे नई तालीम मांडली: मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे आणि त्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्चही निघावा. तेव्हाच काहींनी शंका घेतली होती की अशाने शाळेचे कारखाने होतील आणि लेकरांच्या कमाईकडे डोळे लागतील. ती शंका आजही सोडून देण्यासारखी नाही. त्या दिवशी दोन-तीन घरांतून मुलांना “किती आणले?” एवढेच विचारले गेले, आणि कमी आणणाऱ्याला बोलणी बसली. दुसऱ्या दोन घरांत आईने रात्रभर जागून सगळा माल केला आणि मुलाने नुसता गल्ला धरला. शाळेचा बाजार हा घरखर्चाला हातभार लावण्यासाठी नाही. तुमच्या पोराचा माल उरला तर रागावू नका, घरी आणून खाऊन टाका. पण का उरला ते त्याच्याशी बोला.

वातींच्या पुडीला मग किती भाव घ्यायला हवा होता, असा प्रश्न निघाला. मुलीनेच भागाकार करून सांगितले: चाळीस रुपये. चाळीसला कुणी घेतली असती का? सगळ्या बायांनी नाही म्हटले. दर्यापूरला यंत्रावरच्या वातींची पुडी दहालाच मिळते. मग काय करायचे? मुलगी विचार करून म्हणाली, “मंग वाती नाई कराच्या. आजीले दुसरं काई येत असन.” मी तिला सांगितले की हेही एक उत्तर आहे, दुसरे म्हणजे, आजीचे हात खरोखरच रिकामे असतील आणि तिला ते काम आवडत असेल तर करावे, पण मजुरी लिहून ठेवावी आणि ती आपण सोडून दिली असेही लिहावे. मग कुणी स्वस्त माल मागितला तर तो कुणाच्या जिवावर स्वस्त झाला हे तरी ठाऊक राहते. गुरुजींनी फळ्यावर एक नवा रकाना वाढवला, आणि मुलांनी आपापली पाने परत नेली. शेंगांच्या दुकानाचा नफा निम्म्यावर आला. पंक्चरवाल्याचा नफा होता तेवढाच राहिला, कारण त्याने पहिल्यापासून फक्त मजुरीच विकली होती. दोरवाल्या मुलाने आबाजींचे दहा दिवस लिहिले, बेरीज पाहिली आणि वही मिटून दप्तरात घातली.

माझी एसटी साडेचारची होती. फाट्यावर मी उभा असताना वातीवाल्या मुलीचे वडील मोटारसायकलवर आले. शाळेतून आणलेला कोरा कागद त्यांच्या खिशात होता. त्यांनी गाडीच्या सीटवर तो पसरला आणि यंदाच्या कापसाचा हिशेब मला विचारून विचारून मांडू लागले. बियाणे, दोन फवारण्या, खत, डवरणी. मजुरांकडून केलेली वेचणी किलोला दहा रुपयांप्रमाणे. ते सगळे त्यांना तोंडपाठ होते. मग पेन थांबले. चार एकरांतली जवळजवळ निम्मी वेचणी बायकोने केली होती. निंदण तिचे, खत टाकणे तिचे, आणि सरी धरून बियाणे टोबणे तिचे.

त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली, तिच्यापुढे जागा मोकळी सोडली आणि विचारले, “साहेब, हिची मजुरी बाईच्या दरानं धरू का मानसाच्या?”

मी म्हटले, काम जे केले त्याचा दर धरा. वेचणी किलोवर, बाकीचे दिवसावर. “मंग किती दिवस, हे तिलेच इचारा लागन,” ते म्हणाले. एसटी आली तेव्हा ते कागदाची घडी घालत होते. खिडकीतून पाहिले तर त्यांनी मोटारसायकल घराच्या दिशेने वळवली होती.